या आठवड्याच्या प्रार्थनेविषयी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

या वेळी बायबलमधील स्तोत्रसंहितेतली स्तोत्र 23 आणि स्तोत्र 88 अशी दोन्ही स्तोत्रे वाचणार आहोत. कृपया आधी वाचून या. तेविसाव्यात तिसऱ्या वचनापर्यंत देवाविषयी बोलणे आहे. चौथ्यात, काळोख्या दरीत पाऊल पडताच, भक्त थेट देवाशीच बोलू लागतो. अठ्ठ्याऐंशीवे मात्र अंधारावरच संपते. तरीही सगळे गाऱ्हाणे मांडले आहे ते देवापुढेच, म्हणून (माझ्यापुरते सांगतो) कठीण दिवसांत मला तेच जवळचे वाटते.

शब्द सुचत नसतील त्यांनी नुसते येऊन बसावे. दुःखात असलेल्याला ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प करू नका, शेजारी बसा. एकट्याने प्रार्थना करवत नसेल, तर गटात कळवा; कुणीतरी सोबतीला येईल.