ध्रुवावरच्या गोपनीय नोंदी मुदतीने खुल्या व्हाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीनलंडवरून चालू असलेल्या चर्चेत लष्करी तळ, खनिजे आणि सार्वभौमत्व यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. तिथला बर्फ कोणी व कशासाठी मोजला आणि त्या नोंदी पुढे कोणाच्या हाती आल्या, हा प्रश्न मात्र मागे पडतो. ध्रुवीय भूभौतिकीत, म्हणजे ध्रुवांवरच्या जमिनीच्या, बर्फाच्या व समुद्राच्या भौतिक अभ्यासात, लष्कराचे आणि नागरी शास्त्रज्ञांचे उपकरण बहुधा एकच असते. म्हणूनच नोंद खुली होते की कुलपात राहते, याला फार महत्त्व आहे.

अमेरिकेची 'नॉटिलस' ही अणुपाणबुडी १९५८ मध्ये बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली. अशा प्रवासात डोक्यावरचा बर्फ किती खाली उतरला आहे हे सतत कळावे लागते. त्यासाठी पाणबुडीतून वरच्या दिशेने ध्वनिलहरी सोडतात. त्या बर्फाच्या तळावर आदळून परतायला लागणारा वेळ आणि पाण्याच्या दाबावरून समजणारी पाणबुडीची खोली यांवरून बर्फाचा पाण्याखालचा भाग किती जाड आहे हे काढता येते. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या या नोंदी बहुतांशी गोपनीय होत्या. नव्वदच्या दशकात त्यांतील काही खुल्या झाल्या आणि अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांतून खास शास्त्रीय मोहिमाही काढल्या. १९५८ ते १९७६ या काळात सरासरी ३.१ मीटर असलेला हा बुडीत भाग नव्वदच्या दशकात १.८ मीटरवर आल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेतून दिसले. बर्फ किती पसरला आहे हे उपग्रहांतून दिसत होते; त्याची जाडी घटल्याचा इतका जुना पुरावा पाणबुड्यांकडेच होता. विशेष म्हणजे जुन्या नोंदी देताना जागा आणि तारीख थोडी ढोबळ केली गेली, आणि तेवढ्याने नौदलाचे काम भागले.

ग्रीनलंडच्या बर्फात अमेरिकी लष्कराने १९५९ पासून खोदलेला 'कॅम्प सेंच्युरी' हा तळ संशोधनासाठी असल्याचे जाहीर झाले होते. प्रत्यक्षात बर्फाखाली क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या योजनेची ती चाचपणी होती. बर्फ सरकत राहिल्याने योजना बारगळली. परंतु तिथेच १९६६ मध्ये हिमस्तराच्या तळापर्यंत १,३८७ मीटर खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यावरून, म्हणजे थरांसह निघालेल्या लांब दंडगोल नमुन्यावरून, डेन्मार्कचे शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड यांनी लाखभर वर्षांच्या हवामानाचा आलेख मांडला.

अंटार्क्टिकापुरती ही बाब १९५९ च्या कराराने बरीच सोडवली आहे. लष्करी कारवायांना तिथे बंदी आहे, संशोधनासाठी सैनिक व लष्करी सामग्री वापरण्यास मुभा आहे आणि शास्त्रीय निरीक्षणे मुक्तपणे उपलब्ध करण्याचे बंधनही आहे. उत्तर ध्रुवीय महासागराला असा करार नाही, आणि २०२२ पासून रशिया व इतर आर्क्टिक (उत्तर ध्रुवीय) देशांमधील सहकार्य आटल्याने नोंदींची देवाणघेवाणही आक्रसली आहे.

भारत २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत, म्हणजे उत्तर ध्रुवीय देशांच्या सहकार्य मंचात, निरीक्षक आहे आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून आपले 'हिमाद्री' केंद्र आहे. अंटार्क्टिकावर भूचुंबकीय नोंदी घेणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवी पनवेलमध्ये, तर ध्रुवीय मोहिमा आखणारे राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे. आर्क्टिक परिषदेत निरीक्षकाला मताधिकार नसला तरी म्हणणे मांडता येते. लष्करी कारणाने घेतलेल्या ध्रुवीय नोंदी ठरावीक वर्षांनी, गरज पडल्यास ठिकाण ढोबळ करून, खुल्या कराव्यात अशी मागणी भारताने तिथे करावी, आणि आपल्या दोन्ही ध्रुवांवरील नोंदी खुल्या करण्याचे वेळापत्रक आधी जाहीर करावे.

आपला,
एक वाचक, पनवेल