बसऱ्याचं नाव पुन्हा निघालं

लंडन,
रविवार, २३ मार्च २००३

ती. आबा व सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. त्याच पहाटे बगदादवर पहिली क्षेपणास्त्रं पडली होती, त्यामुळे तुमचा राग आणि टीव्हीवरचा धूर एकदमच घरात आले. ‘सुभेदाराची लेक युद्धाविरुद्धच्या मोर्चात कशाला गेली?’ हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय आणि दुसऱ्यांदा त्याखाली रेघही ओढलीय. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर भांडण झालं असतं. म्हणून तीन दिवस जाऊ दिले.

आज वर्ल्ड कपच्या फायनलचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. टॉस जिंकून गांगुलीने फिल्डिंग का घेतली हे मला कुणी समजावून सांगा. पॉन्टिंग मारत सुटला की मी चॅनेल बदलायची, तर तिकडे रणगाडे. रणगाडे नकोसे झाले की परत इकडे, तर सचिन चारवर बाद. युद्धाच्या चॅनेलवरही बोलणं स्कोअर सांगितल्यासारखंच चाललेलं असतं. निवृत्त जनरल टेबलावर नकाशा पसरून छडीने दाखवतात, आज इतके मैल पुढे गेले, उद्या अमुक पूल घेणार. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, ह्यांना कुणीतरी एक रात्र खंदकात बसवा.

मोर्चाचं आधी सांगते. १५ फेब्रुवारीला शनिवार होता, थंडी हाडांत शिरणारी. मी आणि हॉस्पिटलातल्या दोघी एम्बँकमेंटवरून निघालो आणि हाइड पार्कला पोचेपर्यंत दुपार कलली. पोलिसांनी साडेसात लाख माणसं मोजली. आयोजक तर वीस लाखांवर गेले. आपल्याकडच्या मोर्चासारखा नव्हता तो. आषाढीला फलटणच्या पुढे दिंड्या चालतात तसा होता. कुणाला घाई नाही, म्हाताऱ्या बायका थर्मासमधून चहा देताहेत, बाबागाड्यांत पोरं झोपलेली. ‘माझ्या नावावर नको’ असे फलक जागोजागी होते. मला तो फलक आवडला नाही. सरकार युद्ध करणार, पण आपलं नाव तेवढं स्वच्छ ठेवा, असा त्याचा वास येतो. मी कुठलाच फलक धरला नाही. नुसती चालले.

त्याच दिवशी पंतप्रधान ब्लेअर ग्लासगोला त्यांच्या पक्षाच्या सभेत बोलत होते. ते म्हणाले, मोर्चात पाच लाख लोक असतील तर इराकच्या सद्दाममुळे जी माणसं मेली त्यांच्यापेक्षा ती कमीच आहेत, आणि दहा लाख असतील तर त्याने सुरू केलेल्या युद्धांत मेलेल्यांपेक्षा कमी. रात्री बातम्यांत ऐकलं आणि घास घशातच राहिला. आबा, हा माणूस मला पटत नाही, पण ते वाक्य खोटं नव्हतं. इराणशी आठ वर्षं, मग कुवेत, मग स्वतःच्याच लोकांवर रणगाडे. आपल्या कुवेतच्या मामाला विचारा. १९९० च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याची पंधरा वर्षांची कमाई कागद झाली. बगदादवरून बसने अम्मान, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई, आणि हातात एक पिशवी. मामी अजून त्या पिशवीला हात लावू देत नाही. मामाला मी मोर्चाचं सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पण माझी खरी परीक्षा घेतली ती आमच्या रस्त्यावरच्या न्हाव्याने.

तो सुलेमानियाचा कुर्द आहे. आमच्या पिंट्याचे केस तोच कापतो. दरवर्षी १६ मार्चला त्याचं दुकान बंद असतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. १९८८ मध्ये त्या तारखेला सद्दामच्या विमानांनी हलब्जा गावावर विषारी वायू सोडला आणि जवळपास पाच हजार माणसं मेली. घरात, ओट्यावर, पोरांना पोटाशी धरून. ह्याचं आजोळ त्या गावाजवळचं. परवा शुक्रवारी त्यांचा नवरोज होता, म्हणजे आपला पाडवाच म्हणा, आणि त्याच रात्री बगदाद पेटलेलं टीव्हीवर दिसत होतं. काल पिंट्याला घेऊन गेले तर त्याने आम्हाला मिठाई दिली. मी घेतली, आणि घेताना मला काहीतरी झालं. मी मोर्चात गेले होते हे त्याला सांगून टाकलं.

तो रागावला नाही. कात्री चालूच ठेवली. म्हणाला, तुम्ही एवढे लाखो लोक माझ्या देशासाठी चाललात, त्यातल्या एकाने तरी मला येऊन विचारलं का, तुला काय हवंय म्हणून?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. उद्या आमच्या मोर्चाचं ऐकून युद्ध थांबलं असतं, तर सद्दाम तिथेच राहिला असता, त्याचे तुरुंग तसेच राहिले असते आणि आम्ही घरी जाऊन चहा प्यालो असतो. हे मोर्चात कुणी मोठ्याने बोललं नाही. मीही नाही.

मग त्याला मी विचारलं, अमेरिकेवर तुझा विश्वास आहे? तेव्हा तो हसला. १९९१ ला, गंमत म्हणजे १५ फेब्रुवारीलाच, अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षाने, थोरल्या बुशने, इराकी लोकांना जाहीर सांगितलं होतं की उठा आणि ह्या हुकूमशहाला खाली खेचा. लोक उठले. बसऱ्यापासून सुरुवात झाली, वरती कुर्द उठले. कुवेत सोडवायला आलेली अमेरिकेची फौज तेव्हा दक्षिण इराकात उभी होती. युद्धबंदीच्या बोलण्यात सद्दामच्या माणसांनी हेलिकॉप्टरं उडवायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि त्याच हेलिकॉप्टरांनी ते बंड चिरडलं. हा तेव्हा आईला पाठीवर घेऊन बर्फातून इराणच्या हद्दीकडे गेला. म्हणाला, विश्वास नाही, पण घराला आग लागली की बंब कुणाचा आहे ते बघत नाही मी.

आता तुमच्या पत्राकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘७१ ला बांगलादेशच्या युद्धात १०४ देशांनी आपल्याला थांबा म्हणून सांगितलं होतं, थांबलो असतो तर काय झालं असतं?’ हे मी मोर्चाच्या आधीपासून मनात घोळवतेय. तुमच्या तोंडून जमालपूरची लढाई ऐकतच मी मोठी झाले. पाकिस्तानी कर्नलने शरण येण्याच्या पत्राला उत्तर म्हणून चिठ्ठीत गोळी गुंडाळून पाठवली, आणि मग तुमच्या जंगी पलटणीने रात्री रस्ता अडवून धरला, ही गोष्ट पिंट्यालाही पाठ आहे. ते युद्ध न्याय्य होतं, ह्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

पण आबा, तेव्हा एक कोट माणसं हद्द ओलांडून आपल्या दारात आली होती आणि कत्तल त्या क्षणी चालू होती. निवडणूक जिंकलेला पक्ष होता, त्यांचा नेता तुरुंगात होता, त्यांची पोरं बंदूक घेऊन तुमच्या पुढे चालत होती. तुम्हीच सांगता की वाट दाखवणारा पोरगा सतरा वर्षांचा होता आणि त्याच्या पायात वहाण नव्हती. ३ डिसेंबरला बॉम्ब टाकायला आधी तेच आले. आणि डिसेंबरात जिंकून मार्चमध्ये आपली फौज परत. आपणही काही निव्वळ धर्मादाय म्हणून गेलो नव्हतो, शत्रूचे दोन तुकडे कुणाला नको असतात? पण कारण सांगितलं ते खरं होतं, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत कोण बसणार ते तिथल्या लोकांनी आधीच ठरवलं होतं.

इथे मला नेमकं तेच दिसत नाही. हलब्जाच्या वेळी अमेरिका-इंग्लंडची हीच सरकारं सद्दामच्या बाजूने होती. त्या वर्षी फौज पाठवली असती तर मी फलक घेऊन नाचले असते. आज कारण सांगतात ते हलब्जा नाही. कारण सांगतात ती घातक अस्त्रं, पंचेचाळीस मिनिटांत डागता येतील अशी. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तिकडे शोधत होते, त्यांना अजून सापडली नव्हती, त्यांनी वेळ मागितला तर त्यांनाच बाहेर काढलं. फेब्रुवारीत इथल्या सरकारने जी पुस्तिका वाटली तिच्यातला बराच भाग एका विद्यार्थ्याच्या जुन्या निबंधातून उतरवलेला निघाला, चुकांसकट. आपल्या तालुक्याच्या शाळेत एवढ्यावर मास्तरांनी कान उपटले असते. सोमवारी रॉबिन कुक यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांचं भाषण मी रात्री जागून ऐकलं. सद्दाम दुबळा आहे म्हणून लढाई सोपी, आणि सद्दाम धोकादायक आहे म्हणून लढाई गरजेची, ही दोन्ही एकाच वेळी कशी खरी असतील, एवढाच त्यांचा मुद्दा. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटात युद्धावर मतदान झालं, ४१२ विरुद्ध १४९. सत्ताधारी पक्षातल्याच १३९ जणांनी, युद्धाचं कारण अजून पटलेलं नाही म्हणणाऱ्या आदल्या ठरावावर, पंतप्रधानांच्या विरोधात मत दिलं. एवढं उघड भांडून मग फौज पाठवतात, ह्याचं मला कौतुकही वाटलं. बगदादमध्ये असं एक भाषण करणारा दुसऱ्या दिवशी दिसला नसता.

हुकूमशहा वाईट आहे एवढ्यावर लढाई न्याय्य ठरत नाही, इतपत मी आले आहे. न्हाव्यासमोर हे बोलायची हिंमत मात्र होत नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखी नाही. गेले चार दिवस टीव्हीवर जी नावं येताहेत ती सगळी आपल्या घरातली आहेत. बसरा. नासिरिया. अमारा. पणजी ‘बसऱ्याला गेले’ म्हणायची तेव्हा लहानपणी मला वाटायचं, बसरा म्हणजे वर जाण्याचंच नाव आहे. पहिल्या महायुद्धात पणजोबा ज्या डिव्हिजनमध्ये गेले तिचं नाव पुणे डिव्हिजन होतं, हे मला इथल्या लायब्ररीत कळलं. १९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी बसरा घेतलं ते तेलाची राखण करायला. तेवढ्यावर भागलं नाही. नदीने वर वर सरकत गेले, अमारा, नासिरिया, कुत, आणि बगदाद दिसायला लागल्यावर तुर्कांचा मार खाऊन परत कुतला. तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा. १४७ दिवस. घोडे कापून खायची पाळी आली आणि आपली पोरं घोड्याला तोंड लावायला तयार नव्हती. २९ एप्रिलला तेरा हजार माणसं शरण गेली. गोरा जनरल इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला, शिपाई वाळवंटातून चालत गेले. पणजोबांची १०३ नंबरची मराठा पलटण त्यातच होती, आणि तीच पुढे तुमची जंगी पलटण झाली, हे तुम्हाला मी काय सांगणार.

पुढच्या साली दुसऱ्या जनरलने, मॉडने, बगदाद घेतलं आणि जाहीरनामा लावला की आमची फौज तुमच्या शहरांत जिंकणारी किंवा शत्रू म्हणून आलेली नाही, तुम्हाला सोडवायला आली आहे. तारीख १९ मार्च १९१७. बुधवारी बरोबर ८६ वर्षं झाली. तीन वर्षांत तोच मुलूख इंग्रजांविरुद्ध उठला आणि ते बंड मोडायलाही आपलेच शिपाई नेले. लायब्ररीतल्या खुर्चीत बसून हे वाचताना पाय गार पडले होते माझे.

बसऱ्याला त्या लढाईत मेलेल्यांचं स्मारक आहे. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांवर माणसांचं. सद्दामने १९९७ मध्ये ते गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं, आणि आज त्याच नासिरियात लढाई जुंपलीय. संध्याकाळी पकडलेल्या अमेरिकन पोरांना टीव्हीसमोर बसवलं होतं. एकाचे डोळे सारखे इकडेतिकडे जात होते. पणजोबांचं नाव त्या स्मारकावर असेल असं मला वाटत होतं. नाही. गोऱ्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. हिंदी पलटणीच्या फक्त अधिकाऱ्यांची आहेत, आणि शिपायांचा नुसता आकडा. अमुक पलटण, आणखी इतके. नावं एका वहीत आहेत आणि वही इथे लंडनबाहेर मेडनहेडला, युद्धकबरींच्या कचेरीत.

मी तिथे जाणार आहे. पण शिवराम, बाळा, गणू ह्या नावांची माणसं प्रत्येक पलटणीत पन्नास असतील, तेव्हा शिपाई नंबर लागेल. त्यांचं चांदीचं पदक आजीच्या ट्रंकेत होतं. आईने मोडून पैंजण केले नसतील तर अजून असेल. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असतो. तो मला कळवा.

मोर्चाबद्दल रागवायचं असेल तर रागवा, पण पत्रातून. फोनवर तुमचा श्वास लागतो. गुडघ्याचं औषध पाठवलंय, सकाळी एकच गोळी, दोन नाही.

तुमची,
शकू

ता. क. पदक काळं पडलं असेल तर चिंचेने हलकेच घासा, चाकूने खरवडू नका. आणि चष्मा लावून वाचा.