गोदावरी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर बाळाचं नाव सांगितलं आणि आई, तू गप्पच झालीस. मग म्हणालीस, "अगं, किती जुनं! शाळेत मुलं काय हाक मारतील तिला?" बोलणं तिथेच राहिलं, म्हणून लिहिते आहे.

देवघरातल्या तांब्यावर 'चि. गोदावरी' कोरलंय ना, ते मला लहानपणी नदीचंच नाव वाटायचं. चिंचेने तो घासता घासता आजीने एकदा सांगितलं, "हे माझं माहेरचं नाव." लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'लक्ष्मी' लिहिलं, तेव्हापासून ती लक्ष्मी. पण भाऊबीजेला मामाआजोबा यायचे ते दारातूनच "गोदे!" म्हणत, आणि आजी हातातलं टाकून धावायची. बाबा, तिचा तेव्हाचा चेहरा आठवतो तुम्हाला?

गोदा म्हणजे गाय देणारी. गौतम ऋषींच्या हातून गाय मेली, त्यांनी तप करून ब्रह्मगिरीवर गंगा उतरवली आणि त्या पाण्याने गाय उठली, अशी त्र्यंबकेश्वरची कथा. गाथासप्तशतीतल्या प्राकृतात हीच नदी 'गोला' आहे. तिच्या काठची शेतं, प्रेमं, रुसवे सगळं त्यात आहे. आणि मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की नदीचं नाव असलेली मुलगी बायको करू नये! तरी आपल्याकडे घरोघर गंगा, यमुना, कृष्णा, गोदा नांदल्या. हे वाचून मला फार बरं वाटलं.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. केवढं धाडस! पण त्यांचंही नाव बदललं, त्या आनंदीबाई झाल्या. गोदावरी परुळेकरांचं मात्र आडनाव बदललं, नाव तेच राहिलं. १९४५ साली डहाणू-तलासरीच्या वारल्यांबरोबर त्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या त्या याच नावाने. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत आहे, तिलाही गोदुताई परुळेकरांचंच नाव आहे.

शाळेत मुलं तिला गोदू म्हणतील, आई. म्हणू देत. आजीला ती हाक वर्षातून एकदाच मिळायची, हिला रोज मिळेल. आणि पुढे लग्न केलं तर तांदळांतही तिने हेच नाव लिहायला सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

बारशाला येताना तो तांब्या आणाल? घासू नका, तसाच आणा. मी इथे चिंच भिजवून ठेवते.

तुमची लेक