एप्रिलमध्येच या

सूझौ, चीन
7 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

व्हॉट्सॲप इथं सरळ चालत नाही. खटपटी करून सुरू केलं, तर आईचं बोलणं रंगात आलं की नेमकं बंद पडतं. म्हणून सगळं एकदा कागदावरच लिहायचं ठरवलं. इकडे येणार का, हे मी आता विचारत नाही. यायचंच आहे. मामानं "चीनमध्ये खाणार काय, बोलणार कुणाशी, आजारी पडलात तर कुठे जाणार" असं आईच्या मनात भरवलंय, ते मला फोनवर कळलं. त्याच प्रश्नांची उत्तरं लिहिते.

आधी वेळेचं. आत्ता येऊ नका. सूझौची थंडी आकड्यांत फार वाटत नाही, पण ती ओली थंडी आहे, अंगात शिरते. त्यात इथल्या घरांना सरकारी हीटिंग नाही. 1950च्या दशकात चीननं छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांना धरून एक रेघ मानली. तिच्या उत्तरेकडच्या शहरांत हिवाळ्यात घरोघरी गरम पाण्याचे नळ फिरवायचे, दक्षिणेकडे नाही. आम्ही रेघेच्या दक्षिणेला, त्यामुळे घरात स्वेटर, पायांत जाड सपाता आणि अंथरुणात विजेची चादर. जानेवारीत याहून वाईट असतं. 17 फेब्रुवारीला त्यांचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा सगळा देश आपापल्या गावाला निघालेला असतो आणि रेल्वेचं तिकीट मिळणं मुश्किल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छिंगमिंग, म्हणजे पितरांच्या कबरी झाडून-पुसून फुलं वाहायचा सण. तेव्हाही गर्दी. आणि 1 मेची सुट्टी लागली की बागांमध्ये माणसांशिवाय काही दिसत नाही. म्हणजे छिंगमिंग उरकल्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचे दिवस तुमचे. हवा वाईच्या डिसेंबरसारखी असते, बाबांच्या गुडघ्याला मानवेल.

आता खाण्याचं. आई, इथली सकाळची मंडई पाहिलीस की तुझी निम्मी काळजी जाईल. आलं, कोथिंबीर, घोसाळी, कारली, वांगी, लाल भोपळा, मटार, सगळं ताजं असतं. हल्ली भेंडीही मिळते. अळकुड्या ढिगानं विकायला असतात, अळूची पानं मात्र कुणी आणत नाही, त्यामुळे वडीची हौस राहून जाते. हे तळ्या-कालव्यांचं गाव असल्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी ताजे शिंगाडे आणि कमळकाकड्या येतात. पनीरऐवजी टोफू. दुकानातलं दही गोड असतं, म्हणून मी घरीच विरजण लावते. तूरडाळ, पोहे, मोहरी ऑनलाइन मागवली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दारात. बाहेर खायचं तर मात्र जपावं लागतं. भाजीतही मांसाचा खिमा घालतात आणि त्याला मांसाहार म्हणत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे बौद्ध मंदिरं. शीयुआन नावाच्या मंदिरातल्या शाकाहारी नूडल्ससाठी इथली माणसंसुद्धा रांग लावतात. मंदिराच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, तेव्हा तुझ्या चातुर्मासाच्या नेमालाही तिथं धक्का लागायचा नाही.

बोलायचं कुणाशी? समोरच्या दारातल्या आजींशी. मुलं त्यांना "नायनाय" म्हणतात, म्हणजे आजीच. आम्ही इथं आलो त्या हिवाळ्यात विजेची चादर कुठली घ्यावी आणि झोपण्याआधी ती बंद कशी करावी, हे त्यांनी घरात येऊन हातवारे करून शिकवलं. मी पातळ भाकरी थापते तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून बघतात. आई, तू आलीस की दोघींचं जमणार, याची मला खात्री आहे. संध्याकाळी त्या खालच्या चौकात नाचायला जातात. साठी-सत्तरीच्या बायका रांगांत उभ्या राहून, स्पीकरवर गाणं लावून तासभर नाचतात आणि कुणी कुणाकडे बघून हसत नाही. आपल्याकडे बायकांचा हा तास कुठं हरवतो, असं मला रोज वाटतं. तुलाही त्या रांगेत उभं करणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

बाबा, तुमच्यासाठी एक पंचांगातली गोष्ट राखून ठेवलीय. त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मध्य-शरद सण असतो, चंद्र बघायचा आणि मूनकेक वाटायचे. बहुतेक वर्षी तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येतो आणि कोजागरी महिनाभरानं. पण त्यांच्याही पंचांगात अधिक महिना असतो आणि यंदा त्यांचा सहावा महिना दोनदा आला. आपला अधिक महिना पुढच्या वर्षी ज्येष्ठात. त्यामुळे या 6 ऑक्टोबरला दोन्ही सण एकाच रात्री आले! मी पातेलंभर मसाला दूध आटवलं, नायनायनी लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण भरलेले मूनकेक आणले (इथं गरम, डुकराच्या मांसाचेही असतात, त्यांनी आमच्यासाठी आठवणीनं वेगळे आणले होते), आणि आम्ही सगळे चिंजी तळ्याच्या काठी जाऊन बसलो. जायफळाचा वास त्यांना फार आवडला. पुन्हा हा योग लगेच नाही. तुम्ही हवे होतात.

मुलांचं सांगायचं तर मोठी आता घडाघडा चिनी बोलते आणि बाजारात माझी दुभाषी होते. शाळेत रोज ठरलेल्या वेळी सगळ्या वर्गाला डोळ्यांचा व्यायाम असतो. गाणं लागतं, मुलं डोळे मिटतात आणि भुवया, कपाळ, नाकाचं मूळ बोटांनी दाबत राहतात. दुपारी जेवणानंतर डोकं टेकून डुलकी. मला हे दोन्ही फार शहाणपणाचं वाटतं. त्यांचे पाढे नऊ नव्वे एक्क्याऐंशीवर संपतात, पण तेवढे मात्र असे पाठ असतात की झोपेतून उठवून विचारावेत. तुम्ही फोनवर तिच्याकडून एकोणतीसचा पाढा म्हणवून घेतलात, ते तिनं बाईंना म्हणून दाखवलं, मराठीत! बाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणे. धाकट्याला अजून पावकी-निमकीत गोडी नाही, ती तुम्ही येऊन लावा.

तुमचे जावई औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. 1994 साली सिंगापूर आणि चीन यांनी मिळून ती वसवायला घेतली. रुंद रस्ते, झाडं, तळ्याकाठी उंच इमारती, असं सगळं आखीव. आम्ही राहतो तिथून मेट्रोनं थोडं गेलं की जुनं सूझौ लागतं आणि मला ते जास्त प्रिय आहे. फिंगच्यांग रस्त्याच्या कडेनं कालवा वाहतो, घराघरातून दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. तिथं उभं राहिलं की मला वाईच्या गणपती घाटावर उभं राहिल्यासारखं होतं. चहाच्या दुकानांत एक बाई आणि एक बुवा वाद्यं घेऊन बसतात आणि सूझौच्या बोलीत गोष्ट सांगत-गात जातात. फिंगथान म्हणतात त्याला. शब्द कळत नाहीत, तरी मी चहाचा पेला पुन्हा पुन्हा गरम पाण्यानं भरून घेत बसून राहते.

इथल्या बागा म्हणजे फुलांचे ताटवे नव्हेत. भिंत, पाणी, दगड, खिडकी यांचीच बाग. सर्वांत मोठी जवळजवळ पाच हेक्टरांची, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला नोकरी सोडून आलेल्या एका अधिकाऱ्यानं बांधायला घेतली. तिच्यात चालताना पुढचं काही एकदम दिसत नाही. भिंतीला गोल दार, दारातून एक पूल, पुलावरून वळलं की लांबचा पॅगोडा तळ्याच्या टोकाला आणून ठेवल्यासारखा दिसतो. तो बागेत नाहीच, बाहेरच्या शहरातला आहे, पण बाग आखतानाच त्याची जागा धरलेली. इतक्या विचारानं केलेली रचना मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. शेजारीच सूझौचं संग्रहालय आहे, 2006 साली उघडलेलं. ते आय. एम. पेई यांनी आखलं. पॅरिसच्या लूव्रचा काचेचा पिरॅमिड ज्यांचा, तेच. त्यांचं घराणं मूळ इथलं. आईसाठी तिसरी जागा म्हणजे थाय तळ्याजवळचं चनहू गाव. तिथल्या बायका रेशमाचा एकच धागा अनेक पदरांत उकलून दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी नक्षी काढतात. उलटी बाजू नाहीच! तुझं भरतकाम तिथं एखादीला दाखवायचंय, म्हणून तुझा तो मोराचा रुमाल घेऊन ये.

आणि आता शिआन, चीनची जुनी राजधानी. बाबा, हे सगळं पत्र खरं तर इथपर्यंत यायलाच लिहीत होते. ऑक्टोबरच्या आठवडाभराच्या सुट्टीत घर सोडायचं नाही हे शहाणपण आता आलंय, म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस जाऊन आलो. वेगवान रेल्वेनं सकाळी निघालं की दुपारी पोहोचतं. शिआन त्या रेघेच्या उत्तरेला, 15 नोव्हेंबरला तिथं हीटिंग सुरू होतं. खोलीत पाय ठेवताच धाकट्यानं स्वेटर काढून फेकला.

चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक पाहिलेच पाहिजेत, ते आहेतच तसे. 1974च्या मार्चमध्ये शेतकरी विहीर खणत होते आणि हे वर आलं. तिन्ही खंदक मिळून आठ हजारांच्या आसपास सैनिक असावेत असा अंदाज आहे, आणि त्यातले बरेचसे मुद्दाम मातीखालीच ठेवलेत. कारण मूर्ती मूळच्या रंगवलेल्या होत्या आणि उघड्या हवेत आल्या की काही मिनिटांत रंगाखालचा थर सुकून सुटतो. सम्राटाची कबर तर अजून उघडलेलीच नाही. सापडलं म्हणून उकरायचं नाही, हा संयम मला सैनिकांइतकाच मोठा वाटला.

पण माझं मन अडकलं ते दायेन पॅगोडापाशी. बौद्ध भिक्षू युआन श्वांग भारतातून 645 साली 657 ग्रंथ घेऊन परतला, आणि ते ठेवायला 652 साली हा मनोरा उभारला. आज तो सात मजली, 64 मीटरचा, विटांचा, किंचित कललेला आहे. समोरच्या चौकात हातात दंड घेतलेला त्याचा पुतळा आहे. तुम्ही सातवीच्या वर्गाला शिकवायचात ना, तो महाराष्ट्रात आला तेव्हा पुलकेशी दुसरा राज्य करत होता आणि खुद्द हर्षाला त्याला नमवता आलं नव्हतं. इथली माणसं साधी, सरळ, उंच आणि मानी, उपकार करणाऱ्याचे उपकार न विसरणारी, अपमान करणाऱ्याला न सोडणारी, आणि तेही आधी सूचना देऊन मगच चाल करणारी, असं त्यानं लिहिलंय. मी पुतळ्याखाली उभी राहून मुलांना हे सगळं तुमच्या शब्दांत सांगितलं. मोठी म्हणाली, "म्हणजे हे आपल्याकडे येऊन गेलेत?" तिच्या शाळेत तो गोष्टीतला भिक्षू म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे येऊन आपल्या माणसांबद्दल लिहून ठेवणारा माणूस म्हणून तो तिला त्या दिवशी भेटला. आत लाकडी जिना आहे, तुम्ही चढू नका. खालच्या प्रांगणात बाकं आहेत, तिथं बसून तुम्ही मुलांना सांगा, मी ऐकते.

परवा 9 डिसेंबर, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा स्मृतिदिन. युद्धातल्या चिनी जखमींवर उपचार करायला आलेला सोलापूरचा हा बत्तीस वर्षांचा डॉक्टर 1942 साली हबेई प्रांतातल्या एका खेड्यात वारला. शिच्याच्वांगला त्यांची समाधी आहे आणि शिआनहून बीजिंगला जाणारी गाडी त्याच शहरावरून जाते. नायनायच्या यजमानांना आम्ही महाराष्ट्रातले हे कळलं, तेव्हा त्यांनी कोटणीसांचं चिनी नाव घेऊन माझा हात हातात घेतला. आपण एक रात्र तिथं उतरू. बाबा, तुमच्याशिवाय तिथं जायचं नाही, असं मी ठरवलंय.

आजारपणाचं राहिलं. इथं दवाखान्यात पासपोर्ट दाखवून नाव नोंदवतात, पैसे आधी भरावे लागतात आणि मग तपासणी. बहुतेक रिपोर्ट त्याच दिवशी हातात येतात. मोठीला ताप आला तेव्हा हा अनुभव घेतलाय. बाबांच्या गोळ्या मात्र पूर्ण मुक्कामाच्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. कुटुंबीयांना भेटण्यासाठीचा एस-2 व्हिसा घ्यायचा आहे. आमचं निमंत्रणपत्र आणि इथल्या परवान्याच्या प्रती मी पाठवते. नातं दाखवायला माझा जन्मदाखला लागेल, आणि आडनाव बदललेलं असल्यामुळे विवाहनोंदणीचाही. दोन्ही आईच्या कपाटातल्या निळ्या फायलीत आहेत. दिल्ली–शांघाय थेट विमान गेल्या महिन्यात पुन्हा सुरू झालंय. शांघायला आम्ही घ्यायला येतो, तिथून रेल्वेनं अर्धा तास. घरी आल्यावर 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते, ते तुमचे जावई बघतील. आपलं भारतातलं सिम रोमिंग घालून आणा, त्यावर व्हॉट्सॲप नीट चालतं. म्हणजे मामाला रोज फोटो पाठवता येतील.

सामानात गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि मुलांसाठी गोष्टींची चार पुस्तकं आणा. लोणचं नको, ते सांडतं. काकूला आणि मामाला नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद. तिकिटं काढायच्या आधी फोन करा, तारखा मी बघून ठेवल्यात.

तुमची,
लेक