खाणींवर पाइन नको, सैल माती हवी

महोदय,

पारसिक डोंगरावरील वापरात नसलेल्या दगडखाणींत झाडे लावावीत, असा विषय आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या सभेत निघाला, तेव्हा एका सदस्याने ‘अमेरिकेत खाणींवर पाइनची जंगले उभी राहतात, मग येथे का नाही?’ असे विचारले. प्रश्न रास्त आहे. मात्र तेथून घ्यायचा धडा पाइनचा नाही.

पूर्व अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन पर्वतराजीसह देशभरातील कोळसा खाणींच्या पुनर्भरणासाठी अमेरिकेत १९७७ साली कायदा झाला. उतार ढासळू नयेत म्हणून भराव अवजड यंत्रांनी चोपून घट्ट करण्यात येऊ लागला आणि त्यावर दाट गवत पेरले जाऊ लागले. परिणामी रोपांची मुळे आत शिरेनात आणि वरून गवतच त्यांना दडपू लागले. २००४ मध्ये तेथे सुरू झालेल्या वनीकरणाच्या उपक्रमाने मग उलटा मार्ग धरला : वरचा सुमारे चार फुटांचा थर मुद्दाम सैल ठेवायचा, गवत विरळ पेरायचे आणि मगच रोपे लावायची. कोळशावरच्या खडकातील गंधकयुक्त खनिजांमुळे अनेक ठिकाणी माती आम्लधर्मी होते. पाइनच्या काही जाती, मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीच्या आधाराने, अशा मातीतही तग धरतात, म्हणून तेथे पाइन.

आपल्याकडे अडचण निराळी आहे. पारसिकचा खडक बेसाल्ट. खाणीचा तळ म्हणजे निव्वळ कातळ. शिवाय चीड काय किंवा पाइन काय, आपल्या देशात ही झाडे मुख्यतः हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत वाढतात, आणि त्यांच्या वाळक्या सुयांनी उत्तराखंडात उन्हाळ्यात वणवे कसे भडकतात, हे सर्वश्रुत आहे. उन्हाळ्यात पारसिकवर गवत पेटते तेवढे पुरे नाही का?

तेव्हा संबंधित यंत्रणेने या तळांवर मुरूम व माती आणून ती रोलर न फिरवता तशीच सैल ठेवावी. मुसळधार पावसात ती वाहून जाईल ही शंका योग्य आहे, परंतु तळ बहुतांशी सपाट असल्याने कडेला दगडी बांध घातले तरी ती बरीचशी टिकेल. त्यात पांगारा, सावर, करंज, उंबर, पायर अशी येथलीच झाडे लावावीत. पहार मारली की ठिणगी उडावी अशा जागी वीतभर खड्ड्यात रोपे उभी करून छायाचित्रे काढलेली आम्ही पाहिली आहेत. त्यातली दिवाळीपर्यंत किती उरली, हेही पाहिले आहे. यंदा किती रोपे लावली यासोबत, तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती जगली, हा आकडाही जाहीर व्हावा.

– एक रहिवासी, नेरूळ, नवी मुंबई