लायब्ररीला ग्राहकागणिक फाटे कशाला?

संपादक महोदय,

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांवरच्या ५ टक्क्यांची मर्यादा नगामागे १,००० वरून २,५०० रुपयांवर गेली. असा बदल आला की चादर-टॉवेलच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांची कसोटी लागते. समजा बिलिंग, स्टॉक आणि मालवाहतुकीचं ई-वे बिल हे तीन प्रोग्रॅम तीन रिपॉझिटरींत (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवायच्या जागांत) आहेत आणि कर मोजणारी सामायिक लायब्ररी, म्हणजे तिन्ही प्रोग्रॅम वापरतात तो कोड, चौथ्या. दर बदलायला अर्धा तास पुरतो. गाडं अडतं ते ब्रँचपाशी, म्हणजे कोडच्या मुख्य प्रवाहातून काढलेल्या फाट्यापाशी.

लायब्ररीत ग्राहकाच्या नावाने ब्रँच काढणं ही सगळ्यात महागडी चूक. एकाच डिझाइनची जेकार्ड कार्डं दहा मागांवर लावायची आणि प्रत्येकाने त्यात आपापली भोकं पाडायची, तर दोन चादरी जुळतील का? ग्राहकाचा फरक कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये ठेवावा. कराचा दर त्याच्या लागू होण्याच्या तारखेसह तक्त्यात असावा, कारण जुन्या बिलाची क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी करणारी चिठ्ठी) जुन्याच दराने निघते.

बदलाचा क्रम असा ठेवावा. चारही रिपॉझिटरींत एकाच नावाची, चार-पाच दिवसांचीच ब्रँच काढावी. लायब्ररीत नवं फंक्शन घालावं, पण जुनं काढू नये. त्यावर २.४.०-आरसी.१ (आरसी म्हणजे अंतिम होण्याआधीची चाचणी आवृत्ती) असा टॅग, म्हणजे त्या क्षणीच्या कोडला आवृत्तीची चिठ्ठी लावून तिन्ही प्रोग्रॅम त्या टॅगला बांधावेत आणि चाचण्या चालवाव्यात. मग आधी लायब्ररीची ब्रँच मुख्य ब्रँचमध्ये मिसळून (मर्ज करून) २.४.० चा टॅग, त्यानंतर प्रोग्रॅम २.४.० वर आणून मर्ज. जुनं फंक्शन शेवटचा प्रोग्रॅम त्यावरून उठल्यावरच काढायचं, तेही ३.०.० मध्ये, म्हणजे पहिला आकडा बदलणाऱ्या मोठ्या आवृत्तीत. हा क्रम उलटा झाला आणि प्रोग्रॅम लायब्ररीच्या ब्रँचलाच बांधलेले राहिले, तर मर्जनंतर ती ब्रँच पुसताच बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याचं काम) कोसळतो. कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलाला बांधलं म्हणूनही सुटका नाही, कारण स्क्वॉश मर्ज (सगळे कमिट एकात दाबून मर्ज) केलं की मूळ कमिट मुख्य ब्रँचवर येतच नाही.

गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचं सबमॉड्यूल, म्हणजे एका रिपॉझिटरीत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी, वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. बाहेरची रिपॉझिटरी सबमॉड्यूलची ब्रँच नव्हे, त्याचा एक नेमका कमिट लक्षात ठेवते. 'सबमॉड्यूल अपडेट' केल्यावर आपण एरवी कुठल्याच ब्रँचवर नसतो. तिथे केलेलं काम पुढच्या अपडेटला नजरेआड होतं. ते रिफ्लॉगमधून, म्हणजे आपल्या मशीनवरच्या गिटच्या हालचालींच्या नोंदवहीतून मिळतं, पण अशा नोंदी साधारण ३० दिवसच टिकतात. लायब्ररीतला कमिट सर्व्हरवर पाठवायचा (पुश करायचा) राहिला, तर सहकाऱ्याच्या मशीनवर कमिटच सापडत नाही. पुशचा 'रिकर्स-सबमॉड्यूल्स' पर्याय 'चेक'वर ठेवला, तर गिट तिथेच अडवतं.

एखादा ग्राहक जुन्या आवृत्तीवरून हलत नसेल, तर २.३.० च्या टॅगवरून देखभालीची ब्रँच काढायला हरकत नाही. दुरुस्ती मात्र आधी मुख्य ब्रँचवर करावी, मग 'चेरी-पिक -एक्स'ने (निवडलेल्या कमिटची नक्कल करणाऱ्या आदेशाने) देखभालीच्या ब्रँचवर आणून २.३.१ काढावी. '-एक्स'मुळे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात राहतो.

सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी निदान एक प्रकल्प दोन रिपॉझिटरी आणि एका लायब्ररीचा द्यावा. आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांनी पुरवठादाराला विचारावं, की आमच्याकडे लायब्ररीची कोणती आवृत्ती चालते? उत्तर '२.३.१' असं आकड्यांत यायला हवं, 'लेटेस्ट आहे साहेब' असं नव्हे.

— एक सॉफ्टवेअर अभियंता, सोलापूर