सोळा स्क्रू

ठाणे,
रविवार, दुपार

प्रिय दिल्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. दिवाळीत तुझे दोन मिस्ड कॉल आले होते, बघितले होते. हात पॉलिशचे होते अशी थाप मारणार होतो, पण तुझ्यासमोर ती टिकणार नाही. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच, गुडघाही आहे तिथेच.

एक भानगड झालीय. घरात सांगितली तर ही म्हणते, "टेबलच ना, बदलून द्या." तिचं बरोबरच आहे. पण प्रकरण टेबलाचं राहिलेलं नाही, आणि ते तुलाच कळेल.

घोडबंदरला बाविसाव्या मजल्यावर एक रिटायर्ड प्रोफेसर राहतात. त्यांना जेवणाचं टेबल हवं होतं, साडेसहा बाय साडेतीन फूट, खाली लोखंडी फ्रेम. वर रबरवूडचा इंचभर जाड जोडबोर्ड. हो, तुझं ते "उष्टं लाकूड". हस. पण मी अजूनही माझ्या जागेवर ठाम आहे. केरळात पंचवीस-तीस वर्षं चीक काढून झाल्यावर झाड तसंही तोडतात, पूर्वी ते चुलीत जायचं. आता त्याच्या पट्ट्या काढतात, कीड लागू नये म्हणून बोरॉनचं पाणी पाजतात, भट्टीत सुकवतात, टोकाला बोटांत बोटं अडकवल्यासारखे दाते पाडून लांबी वाढवतात आणि मग कडेला कड चिकटवतात. साडेतीन फूट रुंदीची अखंड सागाची फळी आज तू मला आणून दाखव. आणलीस तरी पहिल्या पावसात तिची होडी होईल. अरुंद पट्ट्या जोडल्या की एकीचा वाक दुसरी खाऊन टाकते. यावर आपण मामलेदारसमोर, मिसळीच्या दोन प्लेटा गार होईस्तोवर भांडलो होतो, आठवतंय? तेव्हाही बरोबर मीच होतो.

पण रुंदीत ते फुगणार आणि आकसणार, ते कुणाला चुकलंय? लांबीत नाही, रुंदीत. अण्णांनी पहिल्याच महिन्यात तळहातावर पट्टी मारून शिकवलेलं. कंपनी बोर्ड पाठवते तेव्हा त्यात दहाएक टक्के पाणी असतं. माझा बोर्ड जुलैपासून वागळे इस्टेटच्या गाळ्यात, बाहेरच्या भिंतीला टेकून, ताडपत्रीखाली उभा. श्रावणभर तो काय कोरडा राहणार? पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत तरी गेला असेल. आणि जाणार कुठे, तर जिथे दिवसरात्र एसी चालू असतो तिथे. साडेतीन फुटांत सेंटीमीटरभर तरी आकसणारच. म्हणून फ्रेमला लांबट भोकं पाडायची, मधली रांग तेवढी घट्ट, बाकीचे स्क्रू वायसर घालून सैल. फळीला सरकायला वाट ठेवायची. एवढंच शास्त्र आहे.

गणपती दोन दिवसांवर होते. प्रोफेसरांना टेबल गणपतीआधीच हवं होतं, आणि अजून तीन घरांची मखरं माझ्या गळ्यात. सोन्या (तू त्याला बघितलं नाहीस, कळव्याचा पोरगा आहे, हात चांगला) टेबलाखाली टॉर्च धरून बसला होता. म्हणाला, "काका, लांबट भोकं पाडायची ना?" मी म्हटलं, "बघू नंतर." आणि सोळाच्या सोळा स्क्रू स्वतःच्या हातानं गच्च आवळले. ड्रिल कटकट करून थांबेपर्यंत.

डिसेंबरात फोन आला. टेबलाला एका टोकाकडून दोन फूट चीर पडली होती, तोंडाशी पोस्टकार्ड आत जाईल एवढी. प्रोफेसर शांत माणूस. म्हणाले, "जोड सुटला का हो?" आणि मी, दिल्या, हो म्हणालो. म्हटलं, कंपनीचा माल, आजकाल गोंद असलाच मारतात. चीर जोडावर नव्हतीच, जोडाशेजारून सरळ लाकडातून गेली होती. गोंदाची रेघ नखभर बाजूला, शाबूत. पंधरा वर्षं मीच लोकांना सांगत आलोय की चांगला जोड लाकडापेक्षा भारी असतो.

प्रोफेसर पडले प्रोफेसर. त्यांनी माझ्याकडून बिल मागून घेतलं आणि कंपनीला सविस्तर पत्र धाडलं, फोटोंसकट. आठ दिवसांत कंपनीचा माणूस हजर. तरुण पोरगा, पाठीला सॅक. त्यानं ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन सुया वरून टोचल्या, आकडा बघितला, नऊ टक्के. नख चिरेवर ठेवलं, मग बाजूच्या जोडावर ठेवलं. मग पँट न झटकता सरळ टेबलाखाली आडवा झाला आणि मोबाइलचा टॉर्च लावला. बराच वेळ बाहेर आलाच नाही. आम्ही तिघं उभे, मी, प्रोफेसर, सोन्या. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "स्क्रू कुणी लावले?"

आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "सोन्यानं लावले."

आता वाशीचा दरवाजा मी तुला आठवण करून द्यायला नको. मे महिन्यात फट न ठेवता बसवला मी, जुलैत फुगून अडकला, आणि अण्णांनी विचारल्यावर मी म्हटलं होतं, "दिल्यानं लावला." तुझा आठवड्याचा रोज कापला होता. तू एक शब्द बोलला नाहीस. संध्याकाळी तलावपाळीवर भेळ तुझ्याच पैशांनी खाल्ली आपण, तेही आठवतंय. माफी मागत बसत नाही, तू म्हणशील पक्याला फार लवकर सुचलं.

सोन्याही काही बोलला नाही. प्रोफेसरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, "असू दे बाळा, पुढच्या वेळी लक्ष ठेव," आणि तो "हो सर" म्हणाला. रिक्षात सगळा रस्ता मी त्याला चहा घेऊ, वडापाव घेऊ, करत होतो. त्यानं दोन्हीला नको म्हटलं. सोमवारी वेळेवर कामाला आला. पण आता दर स्क्रूला थांबतो आणि विचारतो, "काका, हा मी लावू की तुम्ही लावता?" तोंडावर काही नसतं. टोमणा आहे की खरंच विचारतोय, तेच कळत नाही. डबा बाहेर रिक्षास्टँडजवळ बसून खातो.

धाकट्याला सांगायला गेलो तर त्यानं मोबाइलवर नॉर्वेतली लाकडी इमारत दाखवली. 2019 सालची, 85.4 मीटर उंच, अठरा मजले, खांब आणि तुळया फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या. म्हणाला, "बाबा, गोंदावर अठरा मजले उभे राहतात, तुमचं टेबल का नाही?" हसलो, काय करणार.

बुधवारी टेबल परत आणतोय. दोन रस्ते आहेत. एक, चिरेवरूनच करवत चालवून दोन्ही कडा रंधून पुन्हा जोडायचं, अर्धा-पाऊण इंच रुंदी जाईल, कुणाला कळणार नाही. दुसरा, नवीन बोर्ड, पदरचे पैसे. मला पहिला बरा वाटतो, पण मला बरं वाटतं ते आजकाल मी तपासून बघतो. तू काय केलं असतंस? आणि प्रोफेसरांना खरं सांगायचं, तर सोन्यासमोर की तो नसताना? ही म्हणते, समोर. मला तिथेच घाम फुटतो.

तुझं विचारायचं राहिलंच. काजूला मोहर कसा आहे? रेवाचं कॉलेज? वहिनींना नमस्कार, कोकम पोचले, आठळ्याही. शिमग्याला कुडाळला यायचा विचार आहे, बघू.

सोन्याला अण्णांचा तो लहान रंधा द्यायचा आहे. तो तुझ्याकडेच आहे. गेल्या खेपेला मी आलो तेव्हा तू पोत्याखाली सारलास, पण मूठ बाहेर दिसत होती.

तुझा,
पक्या